अकरा सेकंदांचा पुरावा

मंजुषा बियाण्यांच्या एका कंपनीत नऊ वर्षं डिस्पॅचची बिलं करत होती. चार वर्षांपूर्वी तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार निघाला. हिवाळ्यात ती कुणालाही धडधाकट वाटायची. पण अंगात उष्णता चढली की पायातलं बळ जायचं, बिलावरचे आकडे एकमेकांत मिसळायचे. आणि तिचं टेबल होतं गोदामात, पत्र्याखाली.

मार्चमध्ये घाटी रुग्णालयातला पंचेचाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला घेऊन ती मॅनेजर सुदर्शनकडे गेली.

"सर, समोरच्या ऑफिसात एक टेबल रिकामं आहे. तिथं एसी आहे. काम तेच करीन."

त्यानं दाखला उघडलाही नाही. "मॅडम, ऊन सगळ्यांनाच लागतं. उद्या हमालही एसी मागतील."

एप्रिलमध्ये ती दोनदा गोदामात कोसळली. दुसऱ्यांदा हमालांसमोर तिचे कपडे ओले झाले. शेजारच्या टेबलावरच्या प्रेरणानं आपली ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली आणि रिक्षानं पुंडलिकनगरला घरी सोडलं. तीच म्हणाली, "तक्रार कर गं. कायदा आहे. साक्षीला मी येते."

मंजुषानं दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. ऑगस्टमध्ये ऑनलाइन सुनावणी झाली, तेव्हा कंपनीच्या वकिलानं एक व्हिडिओ लावला. डिसेंबरातली कंपनीची सहल. फर्दापूरला चहा झाल्यावर सगळे अजिंठ्याला गेले होते. मंजुषा लेण्यांच्या पायऱ्या चढतेय, हसतेय, हात हलवतेय. अकरा सेकंद.

दर पाच-सहा पायऱ्यांवर ती बसली होती. उरलेला चढ प्रेरणाच्या खांद्यावर भार टाकून चढली होती. ते त्यात नव्हतं. आणि व्हिडिओ प्रेरणानंच काढला होता.

मग पडद्यावर प्रेरणा आली. समोरच्या ऑफिसातल्या त्याच रिकाम्या टेबलावर ती आता बसत होती.

"आजारपणाचं मला काही माहीत नाही," ती खाली बघत म्हणाली. "चांगली हिंडत-फिरत होती."

पुढची तारीख पडली. आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: आपण सादर केलेल्या दाखल्यानुसार आपण कामास वैद्यकीयदृष्ट्या अपात्र आहात, सबब सेवा समाप्त.

तिनं सुदर्शनला फोन लावला. "सर, मला काही झालंच नाही, असं तुमचे वकील म्हणाले ना?"

"ते तिकडं सुनावणीत, मॅडम. इथं जबाबदारी आमची. तक्रार मागं घ्या, अनुभवाचं पत्र देतो. नाहीतर नऊ वर्षं कुठं होता, ते लोकांना सांगत बसा."

तिची वकील म्हणाली, लढू या, बाजू भक्कम आहे. मंजुषाही लढायचंच म्हणत होती. पण तीन ठिकाणी मुलाखतीत अनुभवाचं पत्र मागितलं गेलं आणि तिन्ही ठिकाणांहून ती परत आली. नोव्हेंबरात तिनं तक्रार मागं घेतली.

पत्र द्यायला कंपनीनं प्रेरणालाच पाठवलं. ती दारातच उभी राहिली.

"माझा नवराही तिथंच कामाला आहे, मंजू. दोघांचीही नोकरी गेली असती. मी काय करणार होते?"

"तो व्हिडिओ पाठव मला," मंजुषा म्हणाली. "लई छान दिसत होते मी त्यात."

प्रेरणा रडायला लागली. मंजुषानं पोचपावतीवर सही केली, पत्र घेतलं आणि दार लावून घेतलं.

पुढच्या सोमवारी ती वाळूजच्या एका कारखान्यात फॉर्म भरत बसली होती. 'दीर्घकालीन आजार आहे का?' या रकान्यात तिनं 'नाही' लिहिलं.

"आठ तास उभं राहावं लागतं, ताई," फॉर्म घेणारी मुलगी म्हणाली. "जमेल ना?"

"जमेल," मंजुषा म्हणाली.