पुढचं दार

"आज ट्रेला हात लावायचा नाही, कॅस्मिर अंकल. खलास! आज तुम्ही गेस्ट," बँक्वेट मॅनेजर गॅविन कॅस्मिरचा बो-टाय सरळ करत म्हणाला.

कॅस्मिरच्या अंगावर भाड्याचा काळा सूट होता. दुबईच्या या हॉटेलात एकोणीस वर्षं वेटर म्हणून राबलेला हा वसईचा माणूस आज पहिल्यांदाच बॉलरूमच्या पुढच्या दारात उभा होता. त्याला ठाऊक होतं ते किचनकडचं दार, खांद्याने ढकलायचं.

दर हिवाळ्यात इथे बॉल, म्हणजे नाचाचा मोठा समारंभ, व्हायचा. अठरा वर्षांच्या मुली पांढरा गाऊन आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून वडिलांच्या हाताला धरून आत यायच्या, गुडघ्यात लवून पाहुण्यांना अभिवादन करायच्या, आणि मग बापलेकींचा वॉल्ट्झ नाच. पाहुण्यांच्या देणग्यांतून जमलेल्या पैशांतून गरीब मुलांच्या हृदयाची ऑपरेशन्स व्हायची. सात वर्षांपूर्वी कॅस्मिरच्या लेकीचं, करेनचं ऑपरेशन याच पैशांतून झालं, म्हणून यंदा कमिटीने तिलाही बोलावलं होतं. तिच्याबरोबर वडिलांऐवजी मोठ्या डॉक्टरांना चालू दे, फोटो छान येतील, असं कमिटीच्या बाईंनी सुचवून पाहिलं. करेनने साफ सांगितलं, "नो डॅडी, नो बॉल."

तेव्हापासून कॅस्मिरला एकच घोर होता. सगळ्यांदेखत आपल्यामुळे पोरीला मान खाली घालावी लागली तर?

"बाय, माझ्याकडून काय चुकलं तर? इथे सगळे मला ओळखतात गं."

"रिलॅक्स, डॅडी. जस्ट वॉक."

तिचा गाऊन आईने, मिल्ड्रेडने, मीना बाजारातून कापड आणून घरीच शिवला होता. गळ्याशी ऑपरेशनचा व्रण दिसत होता. तो झाकायचा नाही, हे करेनचंच म्हणणं.

नाव पुकारलं. दार उघडलं. झुंबरं कॅस्मिरच्या रोजच्या ओळखीची, पण त्यांच्याखालून असा रिकाम्या हाताने तो कधी चालला नव्हता. सगळा हॉल पाण्याखाली असल्यासारखा मंद हलत होता. पाऊल गालिच्यावर टेकतंय की नाही, तेही कळेना. भिंतीशी त्याचा जोडीदार वेटर समाधान ट्रे घेऊन ताठ उभा होता आणि डोळे मिचकावून पाणी परतवत होता. करेन पाहुण्यांपुढे लवली. टाळ्या झाल्या. कॅस्मिरच्या जिवात जीव आला.

आणि तिथेच घात झाला. वॉल्ट्झ सुरू व्हायला क्षणभर अवकाश होता. शेजारच्या टेबलावर कमिटीच्या बाईंनी रिकामा ग्लास कडेला सरकवला. कॅस्मिरने तो अलगद उचलला. डावा हात आपोआप पाठीमागे गेला, कंबर वाकली. "एनीथिंग एल्स, मॅडम?"

बाई गोंधळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं कॅस्मिरला वाटलं. एवढ्या जपून आणलेल्या पोरीच्या दिवसावर त्यानेच पाणी फिरवलं होतं.

करेनने त्याच्या हातातून ग्लास घेतला. गाऊनचा घोळ सावरत ती भिंतीपर्यंत गेली आणि तो समाधानच्या ट्रेवर ठेवला.

"थँक यू, समाधान अंकल."

मग ती परत आली आणि बापासमोर लवली. मघाशी पाहुण्यांपुढे लवली होती त्याहून खाली, गाऊन गालिच्यावर पसरेपर्यंत.

"डॅडी, माय डान्स?"

व्हायोलिन वाजू लागलं. कॅस्मिरने डावा हात कोपरात वाकवून पुढे केला, रोज नॅपकिन टाकायला करतो तसा. करेनने त्यावर आपला हात ठेवला.