शिळेची पाठ

माझ्या कामाला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. तशी सोयच ठेवत नाही मी. त्यामुळे शहराच्या युद्धस्मारकावर नावं कोरायचं काम माझ्याकडे आलं, याचं कुणाला नवल वाटलं नाही. एकेचाळीस जवान, सहा शिळा, आणि छिन्नी माझी.

यादी वाचली आणि डोकं फिरलं. धाकट्याचं नाव नव्हतं. माझा भाऊ लढाईवरून पोटात लोखंडाचे तुकडे घेऊन घरी आला आणि त्याच तुकड्यांनी अकरा महिन्यांनी गेला. स्मारकाचं काम बघणारे इंजिनिअरसाहेब म्हणाले, "बाई, नियम आहे. रणांगणावरच ज्यांनी प्राण सोडला त्यांचीच नावं."

"मग हा काय सर्दीपडशानं गेला?"

साहेब वरमले, पण यादी तशीच राहिली. घरी आईनं विचारलं, "त्याचं नाव किती उंचावर येईल गं? माझा हात पोचेल ना?" तिला आताशा दिसत नाही, बघायचं ते बोटांनी.

"पोचेल," मी म्हणाले. बोलून बसले, आता करून दाखवणं आलं.

आमच्या धंद्यात प्रत्येक शिळेच्या पाठीवर आधी एखादं नाव कोरून बघतात. दगड कसा तुटतो, ढलप्या उडतात का, ते कळतं. चार घाव वरवर घालायचे, बस. कडेच्या शिळेवर मी धाकट्याचं नाव कोरलं, ते मात्र पुढच्या नावांहून दुप्पट खोल. तीन दिवस लागले. कामावर टिपूस गाळलं नाही. घरी येऊन मात्र भरपूर रडले.

शिळा क्रेनला लटकली आणि साहेबांना तिची पाठ दिसली. "हे काय?"

"नमुना."

"इतका खोल?"

"माझं काम असंच असतं." मी घासायचं मशीन त्यांच्यापुढे ठेवलं. "नको असेल तर घासून टाका. तुमच्या हातानं."

त्यांनी नाव पुन्हा वाचलं. मशीनला हात लावला नाही. "पाठ माझ्या तपासणीत येत नाही," म्हणाले आणि क्रेनवाल्याला खूण केली.

उद्घाटनानंतर लोक पांगले तसं मी आईला कडेच्या शिळेपाशी नेलं. तिनं पुढची नावं चाचपली, एकेक करून सगळी. तिचा चेहरा उतरला. मग मी तिचा हात धरून शिळेच्या मागे घातला. पाणी निथळावं म्हणून शिळा आणि भिंत यांत चार बोटांची फट सोडतात. आईचा हात मी आधीच दोऱ्यानं मोजला होता. नाव त्या मापात बसवलं होतं.

कोपरापर्यंत हात आत गेला. बोटं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सरकली आणि तिथेच थांबली.

"पुढची नावं ऊनपावसानं झिजतील ना गं?"

"झिजतील कधीतरी."

"आणि हे?"

"हे झिजलं तर तुझ्याच बोटांनी झिजेल."

"मग रोज आण मला," आई म्हणाली.