पालथा घातलेला फोन

टोंगाच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या बाजारामागं सेमिसीचं मोबाइल दुरुस्तीचं टीचभर दुकान होतं. शनिवारी तिथं आयांची रांग लागायची. पोरांच्या फोनवर नको ते दिसू नये, अनोळखी माणसानं त्यांना गाठू नये, म्हणून सेमिसी आतून कुलपं बसवून द्यायचा. गावातले पन्नासेक फोन त्याच्या हाताखालून गेले होते. पाद्रीबाबांनी तर भर प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं होतं. राहिला होता एकच फोन, त्याच्या तेरा वर्षांच्या बहिणीचा, लोसेचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रीत आडवी आली होती. बहीण मोठी व्हायला लागली की टोंगातला भाऊ वेगळ्या खोपटात झोपतो, तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्याबरोबर टीव्ही बघत नाही, तिच्या वस्तूला हात लावत नाही. सेमिसी याबाबतीत भलताच सोवळा होता आणि त्याचा त्याला तोराही होता.

"साऱ्या गावाचे फोन बघतोस, घरचा बघायला काय धाड भरलीय?" कापडासाठी झाडाची साल कुटता कुटता आई म्हणायची.

"लोसेचा फोन मी हातात घेऊ? लोक तोंडात शेण घालतील, आई. दुसऱ्या दुकानात ने. पाच मिनिटांचं काम."

आईला ती पाच मिनिटं काही सापडली नाहीत. आत्याच्या घरी लग्न होतं, कापड पुरं करायचं होतं. बाप ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला. फोन त्यानंच हौसेनं पाठवला होता.

एका बुधवारी सेमिसी संध्याकाळी जेवायला बसला, तर ताटाशेजारी लोसेचा फोन. कुलूप काढलेलं, पडदा उजळलेला. त्यानं मान फिरवली, चाचपडत फोन पालथा घातला आणि ओरडला, "आई, हिला सांग, आपल्या वस्तू जागच्या जागी ठेव म्हणावं!"

दाराच्या पडद्यामागं लोसेचे पाय दिसत होते. बराच वेळ ते तिथंच होते.

शुक्रवारी फोन त्याच्या डब्याच्या टोपलीत निघाला, उकडलेल्या टारोच्या कंदांवर ठेवलेला. तो त्यानं रुमालात गुंडाळून आईकडं आणून दिला.

"वेंधळी झालीय कार्टी," आई म्हणाली. "हल्ली धड जेवतही नाही. परीक्षा जवळ आली असेल."

रविवारी चर्चला निघताना फोन त्याच्या स्तोत्रांच्या पुस्तकावर होता. आता मात्र सेमिसीला राग आला. एवढी मोठी झाली, भावाची मर्यादा कळू नये? त्यानं फोन पालथा घातला आणि चर्चची वाट धरली. अरे शहाण्या, एकदा तरी विचार करायचास!

मंगळवारी एक टॅक्सीवाला आवाज बंद पडलेला फोन घेऊन आला. सेमिसीनं तो चालू केला आणि त्यावर एक नको तसला फोटो येऊन पडला.

"तुझ्या फोनवर पण आलं का हे?" टॅक्सीवाला खिदळला. "सकाळपासून गावभर फिरतंय."

सेमिसीला नजर वळवण्याआधी फोटोतली मागची भिंत तेवढी दिसली. तिच्यावर लाल लोकरीच्या काठाची चटई होती. ती त्याच्या आईनं विणलेली होती. त्यानं टॅक्सीवाल्याला गचांडी धरून बाहेर काढलं, दुकान बंद केलं आणि घराकडं धावत सुटला.

आई ओट्यावर तोंडाला पदर लावल्यासारखं सालीचं कापड धरून रडत होती. लोसे आत भिंतीकडं तोंड करून बसली होती. त्या खोलीत तो तीन वर्षांनी शिरला. तिनं न वळता फोन मागं सरकवला.

या वेळी त्यानं वाचलं. कुणी तरी ऑकलंडची मुलगी असल्याचं सोंग घेऊन तिच्याशी मैत्री केली होती, मग गोड बोलून एक फोटो काढून घेतला होता. पहिली धमकी बुधवार दुपारची होती: आणखी पाठव, नाहीतर गावाला दाखवतो. खाली लोसेनं लिहिलं होतं, "माझा दादा फोनचंच काम करतो. तो तुला बघून घेईल."

शुक्रवारी त्या माणसानं विचारलं होतं, "काय म्हणतो तुझा दादा?"

रविवारी पुन्हा, "कुठाय दादा?"



 सवयीनं सेमिसीचा हात फोन पालथा घालायला वळला.

"नको ना दादा," लोसे म्हणाली. "आता तरी नको."