दोन्ही कान

इंद्रभानने शेषरावचा डावा कान दोन बोटांनी ओढून धरला आणि बोराएवढं गुलाबी बोंड त्यात दाबून बसवलं.

"दुखते का?"

"दुखत नाही. पण सैल वाटते. गाडी खड्ड्यात गेली का पडन हे."

चिखलीच्या बाजारपेठेतलं इंद्रभानचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान ते. फळ्यांवर पोट उघडलेले रेडिओ मांडलेले, मधे इंद्रभान स्टुलावर. बाहेर शेषरावची सायकल उभी होती आणि तिच्या हँडलला कातडी म्यानातला ट्रान्झिस्टर पट्ट्याने आवळून बांधला होता. दिवाळीपासून तो तिथेच असे. पण रस्त्यावर वाऱ्यात आणि खडखडाटात गाणं ऐकू येत नसे, आवाज वाढवला की समोरून येणारे बैल बुजत. म्हणून आज वांगी-टमाटे विकून झाल्यावर शेषराव कानाचं काहीतरी घ्यायला आला होता. त्याची बायको सत्यभामा रिकामी पोती काखेत धरून पायरीशी उभी होती.

"दुसरं एक आहे," इंद्रभान म्हणाला आणि खोक्यातून त्याने लोखंडी पट्टीला दोन्हीकडे काळ्या वाट्या लावलेलं एक जड प्रकरण काढलं. "मिलिटरीच्या लिलावातलं. पिन मी बसवून देतो. आवाज एक नंबर. पण हे दोन्ही कान झाकते. सायकलीवर मी कोणाले देत नाही. मागून ट्रक आला तं समजणार नाही."

"मागं ही असते ना बसलेली. ठोसा मारन पाठीत."

"मंग दोन्ही लावून पाहा. गल्लीत चक्कर मारा एकेक." इंद्रभान सत्यभामेकडे वळला. "वयनी, तुम्ही कॅरिअरवर बसा आन मागून बोला. ह्यायले किती ऐकू येते ते समजन."

"काय बोलू?"

"काहीबी. रोज बोलता तेच."

समोरच्या हॉटेलातल्या बाकावर चार-पाच माणसं चहा पीत होती. ती सगळी इकडे बघू लागली. सत्यभामेने पोती पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि ती कॅरिअरवर बसली.

महाराष्ट्र झाला त्याच साली त्यांचं लग्न झालं होतं. त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. घरात सासरे नारायणराव, थोरले दीर, जाऊ विमलबाई, सगळ्यांची मुलं. मोठ्या माणसांदेखत नवराबायकोने बोलायची पद्धत नव्हती. तिचं जे काही बोलणं व्हायचं ते आठवड्यातून एकदा, याच कॅरिअरवर, शेषरावच्या पाठीशी. जाता-येता सहा-सहा मैल. मोटेचा नाडा, मुलीचा खोकला, जावेने लपवलेला गूळ, माहेरचं लग्न. तो "हं" म्हणायचा. तिला तेवढं पुरायचं.

पहिल्या फेरीला ती टमाट्यांबद्दल बोलली. खालच्या वाफ्यातले टमाटे किडले, पुढच्या वर्षी तिथं मेथी लावा, असं काहीतरी. सायकल दुकानाशी आली तसा शेषराव पाय टेकून म्हणाला,

"सगळं ऐकू येते." आणि मान वाकडी करून, बारीक आवाज काढून त्याने तिची नक्कल केली, "'अजी, टमाटे किडले जी, अजी, मेथी लावा जी.'"

हॉटेलातली माणसं हसली. सत्यभामाही थोडी हसली, हसायला हवं म्हणून.

दुसऱ्या फेरीला त्याने काळ्या वाट्या चढवल्या. इंद्रभानने पिन तात्पुरती जोडून खोचली. गल्लीच्या टोकापर्यंत ती काही बोलली नाही. मग तिला दिसलं की हँडलवर शेषरावची बोटं ठेका धरताहेत आणि मान डोलते आहे. माणसाच्या इतकं जवळ बसून इतकं एकटं वाटायची तिची ही पहिलीच वेळ होती. ती रोजच्याच आवाजात म्हणाली,

"दिवाळीत मी माहेरी गेली ना, तवा माय बिमार नव्हती. मी खोटं बोलली. मले निस्तं झोपायचं होतं. चार दिवस."

पाठ हलली नाही. बोटं ठेका धरून होती.

"काय म्हणल्या वयनी?" सायकल दुकानाशी येताच इंद्रभानने हाताने खुणावत विचारलं.

"कोणाले माईत!" शेषराव मोठ्यांदा ओरडला, वाट्या अजून कानांवर होत्या. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "एक अक्षर नाही! हेच द्या!"

बाकावर मोठा हशा पिकला. "आमच्याबी घरी लागते असलं एक," कोणीतरी म्हणालं. सत्यभामा कॅरिअरवरून उतरली. पायरीवरची पोती तिने उचलली, झटकली, पुन्हा घडी घातली.

इंद्रभान पिनला पक्का डाग देत असताना ती उन्हातून बाजूला, पानाच्या ठेल्याच्या सावलीत जाऊन उभी राहिली. तिथेच तिला कडूबाने गाठलं. कडूबा म्हणजे शेषरावच्या बहिणीचा, डोणगावच्या तानुबाईचा दीर. त्याच्या हातात औषधाचं पुडकं होतं आणि कपाळावरून घाम गळत होता.

"वयनी, बरं झालं भेटल्या. शेषराव कुठं आहे?"

"दुकानात. काऊन?"

"तानुवयनीचं काही खरं नाही. हे इंजेक्शन मेहकरात भेटलं नाही म्हणून मी इथवर आलो. डॉक्टर म्हणते, आजचा दिवस निघन, उद्याचं सांगता येत नाही. साडेपाचच्या मेहकर गाडीनं निघा. दोघंबी या. नारायणमामाले जमलं तं त्यायलेबी आणा." मागे जीपवाला भोंगा वाजवत होता. "मी थांबत नाही. सांगा त्याले. आत्ताच्या आत्ता सांगा."

तानुबाईने, घरच्यांच्या अक्काने, शेषरावला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ती बारा. सत्यभामेला बघायला आलेल्यांत तीच एक बाई होती आणि तिनेच 'हीच पोरगी' म्हणून सांगितलं होतं.

सत्यभामा जवळजवळ धावत दुकानात आली. शेषराव वाट्या लावून डोळे मिटून बसला होता.

"अजी, ऐका. कडूबा भावजी आले होते..."

त्याने डोळे न उघडता तळहात वर केला. थांब. इंद्रभान गालात हसला.

"अजी, अक्काचं..."

"चाल आता," डोळे उघडून तो म्हणाला, आणि इंद्रभानकडे बघून त्याने एक डोळा बारीक केला. "रस्त्यानं बोल काय बोलायचं ते. पोटभर बोल."

ती गाडीवर बसली. बाजारात लोकांदेखत ओरडणं तिला जमलं नाही; गाव मागे पडल्यावर तिने त्याच्या पाठीवर हात मारला. शेषरावने सायकल झटकन कडेला घेतली, वळून मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता.

"अक्का लय बिमार आहे!" ती त्याच्या तोंडाकडे बघून ओरडली. पण तोवर त्याने मान पुढे केली होती.

"मागं गाडी नसली तं हात लावू नको!" तो ओरडला.

"अक्का जाऊन राह्यली जी! साडेपाचची गाडी पकडा!"

चाकाखाली खडी वाजत होती. कपाशीच्या रानातून दोन बाया कंबर सरळ करून बघू लागल्या; सायकलवर मागे बसलेली बाई ओरडते आहे आणि पुढचा माणूस गाणं गुणगुणतो आहे. सत्यभामेला त्या बायांची लाज वाटली. ती गप्प बसली.

दोन मैलांवर रस्त्याकडेची विहीर आली तसा शेषराव पाणी प्यायला थांबला. त्याने वाट्या काढून हँडलला अडकवल्या. कानांभोवती लाल वळ उठले होते. पोहऱ्याने पाणी काढून तो पोटभर प्यायला, तोंडावर मारलं, आणि धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाला,

"काय बडबडत होती व मघाशी? चापट्या मारू मारू?"

ती त्याच्या कानांकडे पाहत होती.

"एक शब्द नाही आला." तो हसला. त्यात राग नव्हता, नुसता आनंद होता, आणि तो आनंद तिच्यापाशी बोलून दाखवण्यात त्याला काहीच वावगं वाटत नव्हतं. "खरं सांगू? नऊ वर्षांत पहिल्या बारीनं ही वाट सुखानं सरली. बोल, काय म्हणत होती?"

उन्हं अजून वर होती. इथून मागे फिरलं असतं तर गाडी सहज मिळाली असती. सत्यभामेने पोहरा उचलून उपडा ठेवला. हात पदराला पुसले.

"काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही ना? मंग बस."

घरी पोचल्यावर सगळे ओट्यावर गोळा झाले. दिराने वाट्या लावून पाहिल्या, मुलांनी ओढाओढी केली, विमलबाईने पदर डोक्यावर ठेवून एकच वाटी कानाशी धरली आणि 'अगं बाई' म्हणून दूर केली. शेवटी शेषरावने त्या वडिलांच्या कानांवर चढवल्या. नारायणरावांनी आधी भिवया चढवल्या, मग हळूहळू त्यांच्या दात नसलेल्या तोंडावर हसू पसरलं. ते मांडीवर थाप मारून ताल धरू लागले. सगळे हसत होते. सत्यभामा भाकरी थापता थापता चुलीपासून ते बघत होती. म्हाताऱ्याची लेक तिकडे शेवटच्या घटका मोजत होती आणि ते फक्त तिला एकटीला ठाऊक होतं. ती उठून दारापर्यंत आलीही. पण साडेपाच केव्हाच होऊन गेले होते, आणि आता सांगायचं म्हणजे मघाशी का नाही सांगितलं तेही सांगायला लागणार होतं. तव्यावरची भाकरी करपली म्हणून ती आत वळली.

सकाळी माणूस आला. तानुबाई पहाटे गेली होती.

डोणगावला पोचेपर्यंत दुपार झाली. अंगणात तिरडी बांधून तयार होती. सगळे माहेरच्यांसाठी थांबले होते. शेषराव बहिणीच्या पायांवर पडला आणि हंबरडा फोडून रडला. त्याला धरून बाजूला केल्यावर कडूबा पुढे आला. त्याचे डोळे सुजले होते.

"आता कायले रडतो बे? काल निरोप दिला ना मी. शुद्धीवर होती वयनी अर्ध्या रातीपर्यंत. दाराकडं पाहू पाहू डोळे थकले तिचे. काऊन नाही आला?"

शेषरावने मान वर केली. "निरोप? कोणता निरोप? कोणाजवळ?"

अंगणातली सगळी माणसं सत्यभामेकडे वळली.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज स्वच्छ निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं. "गाडीवर. दोन डाव वरडून सांगितलं."

"शेषराव," नारायणराव म्हणाले. म्हातारा खांबाला टेकून कसाबसा उभा होता. "ही सांगून राह्यली ते खरं का? हिनं तुले सांगितलं होतं?"

"मले ऐकू नाही आलं."

"काऊन नाही आलं? मागं तं बसली होती."

शेषरावने बायकोकडे पाहिलं. "मी विहिरीपाशी इचारलं होतं इले," तो म्हणाला, "मी म्हणलं..." आणि तो थांबला. आपण काय म्हणालो होतो ते त्याला शब्दन्‌शब्द आठवलं असावं. सत्यभामा त्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिली. तिने नजर वळवली नाही. त्याने वळवली.

"काय म्हणला?" नारायणरावांनी विचारलं.

पुरुषांनी तिरडी उचलली. शेषरावला खांदा द्यायला पुढे बोलावलं तेव्हा कडूबाने आपली जागा सोडली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

बायका मागे राहिल्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तानुबाईला ठेवलं होतं तेवढी जागा ओली होती. सत्यभामा भिंतीला टेकून बसली. तिला रडू येत नव्हतं. आतून काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटत होतं आणि त्या मोकळेपणाची तिला भीतीही वाटत होती. तेवढ्यात तानुबाईची धाकटी मुलगी बेबी येऊन तिच्या शेजारी बसली. सोळा-सतरा वर्षांची, आईसारख्याच रुंद कपाळाची.

"मामी," ती हळू म्हणाली, "काका चुकीचं सांगते. आई मामाची वाट नव्हती पाहत."

"मंग?"

"तुमची पाहे. मामाचं म्हणे, तो येईन, पायाशी बसन आन रडन. त्याले बोलताच येत नाही. सत्यभामा आली का तिले माह्या उशाशी बसवा, म्हणे. तिले बोलू द्या, कोणी मधात थांबवू नका. मी माहेरी गेली का सांगते तसं, ते टमाट्याचं, वाफ्याचं, पोरीचं, काय सांगते ते सांगू द्या. मले ऐकत पडू द्या." बेबीने नाक पुसलं. "अर्ध्या रातीपर्यंत इचारत होती, सत्यभामा आली का. मी म्हणली, येऊन राह्यली, रस्त्यात आहे."

सत्यभामेचे ओठ उघडले. बेबी तिच्या तोंडाकडे बघत बसली, ती काय बोलते ते ऐकायला.