निरोपाचं गाणं कुणी कापलं

बंदरवाल्यांचं एक बरं होतं. त्यांच्यातल्या निम्म्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्यावर बोलायला त्यांना कसलीच अडचण पडत नव्हती.

'बंदरावरची बाई' हे गाण्यांचं नाटक बंद पडून वर्षं लोटली होती, आणि आता त्याच्यावर सिनेमाही निघाला होता, तरी त्या नाटकावर जीव टाकणारी ही मंडळी अजून दर महिन्याला डान्सच्या क्लासवरच्या भाड्याच्या खोलीत जमायची. भिंतीवर नाटकाची पिवळी पडलेली पोस्टरं, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची मोठी किटली, आणि खालून पोरींच्या पायांची धपधप. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. पेशंट तोंड उघडून बसला की ते नाटकातली गाणी गुणगुणायचे, आणि पेशंटला बिचाऱ्याला हरकतही घेता यायची नाही. दुसरा पुढारी विमा कंपनीतला कारकून. अख्खं नाटक तोंडपाठ, म्हणून त्याला सगळे पाठांतर म्हणत.

"पाणी बघितलंत का सिनेमातलं?" पाठांतर तावातावानं म्हणाला. "खरा समुद्र दाखवलाय म्हणे! अहो, आपल्या नाटकात दोन पोरं निळं कापड हलवायची. त्या कापडात होतं तेवढं पाणी या समुद्रात नाही."

"आणि ती नायिका?" डॉक्टर म्हणाले. "ती कुणाची वाट बघतेय असं वाटतच नाही. रिक्षाची वाट बघतेय असं वाटतं."

"पण रडू येतं हो शेवटी," मागून एक बाई चाचरत म्हणाल्या. त्यांनी सिनेमा खरोखर पाहिला होता, आणि हीच त्यांची चूक झाली. सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

या सगळ्यांच्या मधोमध, हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत, मास्तर बसले होते. नाटकात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे ते. दुसरा अंक संपताना रंगमंचावर अंधार व्हायचा, मास्तर वाजवत वाजवत वादकांच्या जागेतून उठून वर यायचे आणि त्यांच्या सुरांवर नायिका निघालेल्या बोटीला निरोप द्यायची. त्या निरोपाच्या गाण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. सिनेमात सगळं होतं, फक्त हे गाणं नव्हतं.

मास्तरांची मुलगी किटलीपाशी उभी होती. चाळिशी उलटली तरी बंदरवाल्यांसाठी ती मास्तरांची बबडीच. बाबांना गाडी चालवणं झेपेनासं झाल्यापासून तीच त्यांना इथं आणायची. ती कॉम्प्युटरवर काहीतरी करते, एवढीच माहिती या लोकांना होती. ती काय करायची, तर सिनेमे एडिट करायची. आणि हा सिनेमा तिनंच एडिट केला होता. काम मिळालं तेव्हा बाबांना कोण आनंद झाला होता! "आत्ता नको सांगू त्यांना," ते म्हणाले होते. "सिनेमा लागू दे. एकेकाची तोंडं बघायची आहेत मला." सिनेमा लागला, त्यात गाणं नव्हतं, आणि बाबांनी तो विषयच मिटवून टाकला. श्रेयनामावलीत तिचं सासरचं नाव होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"मला फक्त एकच सांगा," डॉक्टरांनी कप खाली आपटला. "गाणं कापणारा हा जो कोण एडिटर आहे, त्याला कान आहेत की नुसती भोकं?"

सगळे हसले. मास्तरही हसले. मग चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणाले, "नसतात हो काही जणांना कान. त्याला आपण काय करणार."

ती साखर ढवळत राहिली. हे वाक्य तिला लहानपणापासून पाठ होतं. आठ वर्षांची असताना बाबांनी तिला अ‍ॅकॉर्डियन शिकवायला घेतलं आणि महिन्याभरात हेच म्हणून सोडून दिलं. पण तेव्हा ते घरात म्हणाले होते.

आता गाणं का कापलं, तेही सांगायला हवं. दिग्दर्शकानं मोठ्या प्रेमानं मास्तरांनाच वाजवायला बोलावलं होतं. मास्तर बूट चकचकीत करून स्टुडिओत आले, डोळे मिटले, भाता ओढला. उजवा हात पूर्वीसारखाच गायला लागला. डावा हात मात्र मागं राहत होता. फार नाही, एखादा म्हातारा माणूस कुणाच्या तरी मागून जिना चढतो तेवढाच. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग आणखी एकदा. काचेपलीकडची माणसं खाली बघायला लागली. "वा, मास्तर!" दिग्दर्शक म्हणाला, आणि सगळ्यांनी जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवल्या.

तिनं ते रेकॉर्डिंग आपल्या खोलीत आणलं आणि एकेक उशिरा आलेला सूर धरून पुढं सरकवत बसली. कितीतरी दिवस तेच केलं. शेवटी ताल जमला, पण वाजवणारा माणूस त्यातून उठून गेला होता. चावीवर चालणाऱ्या खेळण्यासारखं वाजत होतं ते.

"दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेऊ," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "पडद्यावर हात मास्तरांचेच दाखवू. कुणाला कळणारही नाही."

"बाबांना कळेल," ती म्हणाली. "गाणंच काढू या. सिनेमा तसाही लांबलाय."

दिग्दर्शक बघतच राहिला. मग त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं, कारण त्यानं फारसा वाद घातला नाही. बाबांना तिनं एवढंच सांगितलं, "सिनेमा लांबत होता बाबा. मी काढलं." ते "बरं" म्हणाले आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. चहासुद्धा स्वतःचा स्वतः करून घेतला.

पुढं जे व्हायचं ते झालं. ज्यानं त्यानं लिहिलं की सिनेमा ठीक, पण एडिटरनं त्याचं काळीजच कापून टाकलंय. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली घासल्यावर तिला मिळालेलं हे पहिलं मोठं काम होतं. याच्या जोरावर पुढचा सिनेमा जवळजवळ ठरला होता. त्याचे निर्माते आता फोन उचलेनात. तिनं ते सोसलं. बापाची लाज झाकायची तर एवढं होणारच, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. पण ज्याची लाज झाकली त्यानंच चारचौघांत हसावं, हे मात्र तिच्या फार जिव्हारी लागलं.

तेवढ्यात पाठांतर उठून उभा राहिला. "मास्तर, तुम्ही स्टुडिओत गाणं वाजवलं होतं ना? म्हणजे रेकॉर्डिंग कुठंतरी असणारच. आपण मागणी करू! कापलेलं गाणं बाहेर काढा!"

खोलीत एकदम जान आली. लोक बाकं बडवावीत तशा खुर्च्या बडवायला लागले. मास्तरांचा चेहरा उजळला.

"कशाला उगीच?" ती पटकन बोलून गेली. "सिनेमा झाला, विषय संपला."

"अगं बबडे," डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "तू चहाचं बघ. यातलं तुला नाही कळायचं."

मास्तरांनी त्यांना दुजोरा दिला नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.

परत जाताना गाडीत तिनं विषय काढला. "बाबा, नका ना त्यांच्या नादी लागू."

"का?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "लोकांना माझं वाजवणं ऐकायचंय गं. अजून ऐकायचंय. तुझी आई गेल्यावर मला कुणी 'वाजवा' असं म्हटलं होतं का?"

सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते मांडीवर बोटं चालवत होते, आणि इतके खुशीत होते की तिला ते जमलं नाही. घरी पोचल्यावर तिनं दिग्दर्शकाला फोन लावला.

"मागणी पोचलीसुद्धा. आपले निर्माते तर हवेत आहेत," तो म्हणाला. "फुकटची प्रसिद्धी. मी काय बोलणार? तुला त्यात काही करता येत असेल तर कर."

ती पुन्हा सूर सरकवायला बसली. या वेळी सगळे नाही, फक्त जे अगदीच मागं पडत होते तेवढेच. कुठं थोडा उशीर तसाच ठेवला, माणूस दिसावा म्हणून. बऱ्यापैकी जमत आलं होतं. पण बंदरवाल्यांची मागणी होती की गाणं जसंच्या तसं हवं, कात्री न लागलेलं. आणि प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाईंनी तिला न विचारताच मूळ रेकॉर्डिंग डॉक्टरांना पाठवून दिलं. हे तिला कळलं ते पुढच्या बैठकीला, जिना चढताना.

त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कधी न येणारेही आले होते. टेबलावर दोन मोठे स्पीकर, मास्तरांच्या अंगात नवा कोट. डॉक्टरांनी भाषण ठोकलं, पाठांतरानं बटण दाबलं.

पहिली ओळ सुरेख आली. एका बाईंनी डोळे टिपायला रुमालही काढला. मग डावा हात मागं पडला. लोकांना आधी वाटलं, मुद्दाम असेल. पुढच्या ओळीला आणखी मागं पडला. कुणी खुर्चीत चुळबुळलं, कुणी खोकलं. ती गाण्याकडं लक्षच देत नव्हती, ती बाबांकडं बघत होती. ते मान खाली घालून अगदी निश्चल बसले होते. चाळीस वर्षं तालात जगलेला माणूस; आपण काय ऐकतोय हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

गाणं संपलं. टाळी कुणीच वाजवली नाही.

"छेडछाड!" पाठांतर किंचाळला. "यात छेडछाड केलीय! आपले मास्तर असं वाजवतील?"

सगळ्यांनी केवढा मोठा श्वास सोडला! "अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "मुद्दाम मागंपुढं केलंय. गाणं कापणं कसं योग्य होतं, हे दाखवायला. त्या एडिटरचंच काम हे. मास्तर, तुम्हीच सांगा. तुम्ही असं वाजवलं होतं?"

मास्तरांनी मान वर केली. आधी डॉक्टरांकडं पाहिलं, मग किटलीपाशी उभ्या असलेल्या मुलीकडं.

"नाही," ते म्हणाले. "मी असं नव्हतं वाजवलं. बिघडवलंय कुणीतरी."

मग काय, लोकांना रानच मोकळं मिळालं. पाठांतरानं फोनवर एडिटरचं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. बाई आहे, बाई आहे, अशी कुजबुज झाली. हिला पुन्हा कुणी काम देता कामा नये, सगळीकडं लिहायचं, हिचं नाव घालून लिहायचं, असं ठरायला लागलं. मास्तर आपल्या मुलीचं नाव खोलीभर फिरताना ऐकत होते आणि कोटाचं बटण चाचपत होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप ठेवून ती पुढं आली.

"ते नाव माझं आहे," ती म्हणाली. "एडिटर मीच. बाबा, आता सांगा यांना."

खालची धपधप तेवढी ऐकू येत होती. बंदरवाले एकदा तिच्याकडं, एकदा मास्तरांकडं बघायला लागले. ती त्यांच्यापुढं उभी राहिली. एक वाक्य बोलतील, एवढीच तिची अपेक्षा होती. मोठ्यानं नाही, तर पुटपुटून का होईना.

मास्तर खुर्चीचे हात धरून उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"पोर आहे माझी," ते म्हणाले. "चूक झाली तिच्या हातून. मी तिला माफ केलंय, तुम्हीही करा. लिहू नका तिच्याबद्दल काही."

मग डॉक्टरांनी टाळी वाजवली, आणि पाहता पाहता सगळी खोली उभी राहिली. काय मन आहे या माणसाचं, असं लोक एकमेकांना सांगायला लागले. गाण्याला न मिळालेल्या टाळ्या मास्तरांना अशा मिळाल्या. रुमालवाल्या बाईंनी तर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "नशीबवान आहेस बाई. असा बाप मिळायला पुण्य लागतं." तिला त्या वेळी त्या बापाकडं बघवत नव्हतं.

तरी जिना उतरवायला तीच. ते एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं तिचा दंड धरून उतरत होते. वळणावर दम खायला थांबले.

"मला स्टुडिओतच कळलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, तू नीट करून देशील. हल्ली करतात ना मशिनवर."

ती खालच्या पायऱ्या बघत राहिली.

"तुला काय गं, तू अजून तरुण आहेस. तुला दुसरी कामं मिळतील. मला आता हे एवढंच आहे."

"नाही मिळणार, बाबा," ती म्हणाली.

पण तेवढ्यात वरून कुणीतरी "मास्तर!" म्हणून हाक मारली, आणि तिचा दंड सोडून ते हात हलवायला मागं वळले.