पाठमोरा डाव

एमॉसने मेव्हण्याशी पैज लावली तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण नंतर लोक वाट्टेल ते बोलायला लागले.

पैज साधी होती. लिआर्ड नदीकाठी आपल्या कास्का जमातीची दोन गावं, वरचं आणि खालचं. उन्हाळ्याच्या मेळ्यात हातखेळात एमॉसचं खालचं गाव जिंकलं, तर त्याच्या बायकोला, लीडाला, माहेरी न्यायचा विषय पुन्हा काढायचा नाही. हरलं, तर एमॉसने बर्फ पडायच्या आत बिऱ्हाड उचलायचं आणि वरच्या गावी घरजावई व्हायचं. लीडाला दिवस गेले होते आणि तिच्या आईला, क्लेमेंटाइनला, लेक जवळ हवी होती.

"घरजावई होण्यात वाईट काय आहे?" मेव्हणा हॅमंड म्हणाला होता. "आई तुझ्याकडून लाकडं फोडून घेईल, एवढंच."

"का, तुझी कुऱ्हाड अजून बोथटच का?"

दोघं हसले होते. मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांची टर उडवायची नाही तर कुणाची! पण जनावरं धरायच्या सापळ्यांची बापाने घालून दिलेली रानातली वाट एमॉसला सोडायची नव्हती. तरी त्याने पैज घेतली, कारण ओळखण्यात त्याचा हात धरणारा नदीकाठी कुणी नव्हता. समोरच्या रांगेतले गडी घोंगडीखाली आपापला हाडाचा तुकडा एका मुठीत लपवतात, मग ढोलाच्या ठेक्यावर मुठी नाचवत डुलतात. कुठली मूठ भरलेली, ते चेहऱ्यावरून ओळखायचं. चुकलं की समोरच्यांना एक काडी, आणि सगळ्या काड्या मिळवतील ते जिंकले. एमॉस क्वचितच चुकायचा.

मेळ्याच्या दुपारी वरच्या गावची रांग बसली. ढोल सुरू झाले. आणि रांगेच्या मधोमध, मणी लावलेल्या बाह्यांचं, मूस-सांबराच्या कातड्याचं जाकीट घालून, येऊन बसली क्लेमेंटाइन.

एमॉसने झटकन मान वळवली. मंडपात असा हशा उसळला की ढोलवाल्यांचे ठेके चुकले.

जावयाने सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. मान राखायची आपल्याकडची ही रीत, आणि क्लेमेंटाइनच्या घरात ती कडक. लग्न झाल्यापासून एमॉसने तिचा चेहरा पाहिला नव्हता. दुकानात ती दिसली की हा पिठाच्या पोत्यांमागे. ट्रकमध्ये ती मागे, मध्ये घोंगडी टांगलेली, आणि निरोप्याचं काम लीडाकडे.

"हरामखोर!" एमॉस मेव्हण्यावर ओरडला.

"चौथा गडी आजारी पडला रे," हॅमंड साळसूदपणे म्हणाला. "आता म्हातारीला नाही कसं म्हणू?"

"आरसा आणा कुणीतरी!" मागून एकजण ओरडला.

"आरशातली सासू चालते का?"

"आपल्या रीतीत नाही चालत. इंग्रजांच्यात चालत असेल!"

एमॉसने टोपी तिरकी ओढून सासूपुरता आडोसा केला. बाकीचे तिघे त्याने पटापट पकडले, पण मधली मूठ काही सापडेना. एक काडी गेली, दुसरी गेली, मग काड्यांची रांगच सरकायला लागली. त्याचेच गडी त्याला शिव्या घालू लागले. लीडा कडेला बसून डोळे पुसत होती. ती रडतेय की हसतेय ते तिचं तिलाच कळत नसावं.

शेवटी एमॉस उठला आणि चक्क पाठ फिरवून बसला.

ही बाई येतेय हे आधी कळावं म्हणून त्याने इतकी वर्षं तिची चाहूल घेतली होती. तिचं पाऊल, तिचा खोकला, दाराबाहेर बूट झटकायची तिची पद्धत, सगळं त्याच्या कानात बसलेलं. चेहरा सोडून त्याला सासू पाठ होती. त्याने डोळे मिटले. ढोलाच्या मागे मणी वाजत होते, उजवीकडे मोकळे, खळखळ. डावीकडचे जरा दबलेले. डाव्या मुठीला ती जपत होती.

त्याने खांद्यावरून अंगठा डावीकडे दाखवला.

क्षणभर ढोल थांबले. मग मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. हाड डाव्या मुठीतून खाली पडलं होतं.

पुढच्या डावात उजवी, तीही बरोबर. त्याच्या पुढच्या डावातही बरोबर. एमॉस पाठमोरा, अंगठा खांद्यावर, पोरं मोठ्याने ओरडतायत, हॅमंडच्या तोंडचं पाणी पळालेलं. काड्या परत यायला लागल्या आणि सगळ्या आल्या. गावाने एमॉसला उचलून घेतलं, तेव्हाही त्याने आठवणीने टोपी डोळ्यांवर ओढली.

बापाची सापळ्यांची वाट राहिली! त्याला नाचावंसं वाटत होतं, आणि तो नाचलाही. मग लीडा दिसली आणि त्याचे पाय थांबले. जिंकला होता तो तिच्या आईविरुद्ध, आणि ती गोष्ट त्याला एकदम बोचली.

"आई विचारतेय," लीडा म्हणाली. आई ट्रकच्या पलीकडे उभी होती. "लेकीने माहेरी यायचं नाही, असं ठरलं. बरोबर?"

"बरोबर."

"आईने लेकीकडे यायचं नाही, असं ठरलं होतं का?"

एमॉसने विचार केला. "नाही बुवा."

"मग ती येते म्हणतेय. घराला दोन दारं कर म्हणतेय, म्हणजे तुमची गाठ पडायची नाही."

एमॉस मटकन गवतात बसला आणि पोट धरून हसायला लागला. इतका, की लीडा त्याला उठवायला गेली आणि तीही बसली.

"आणि मला जेवायला कोण घालणार?" हॅमंड किंचाळला.

"लग्न कर," ट्रकच्या पलीकडून आवाज आला. तो मुलाला होता, त्यामुळे एमॉसने ऐकला तरी चाललं.

एमॉसने डोळे पुसले. "तिला सांग," तो बायकोला म्हणाला, पण ट्रकपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने. "नदीकडचं दार तिचं. तिकडे ऊन लवकर येतं."

वरच्या गावचा ट्रक परत निघाला तेव्हा त्यात क्लेमेंटाइन नव्हती. दुसरं दार अजून व्हायचं होतं, म्हणून एमॉस बाहेर तंबूत झोपला, आणि फार छान झोपला.