कापलेली लाल चौकट

मित्रांनो, सरकारी कपाटात दोऱ्याने बांधून ठेवलेली ही जुनी कात्री म्हणजे मी. हसू नका! एके काळी औषधाच्या दुकानात माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

कारखान्यात तापून, ठोकून, घासून मी तयार झाले. दुकान उघडलं त्याच दिवशी मालकांनी मला काउंटरशेजारी टांगलं. बँडेज असो, नाहीतर गोळ्यांची स्ट्रिप, माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. मी कापलेली कड नेहमी सरळ. "ही माझा उजवा हात आहे," असं मालक गिऱ्हाइकांना सांगत आणि मी हुरळून जाई. वेडीच मी!

मुरुमांवरच्या गोळ्यांची एक स्ट्रिप दुकानात यायची. तिच्या टोकाला लाल चौकट असे: 'गरोदर असाल किंवा राहण्याची शक्यता असेल तर घेऊ नका. बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.' मालक आधी तेवढं टोक माझ्याकडून कापून घेत आणि खणात टाकत. "लोक उगाच घाबरतात," म्हणत. मला वाटे, असेल काही नीटनेटकेपणा.

एकदा गल्लीतल्या घड्याळजींची नवी सून आली. गालावरच्या मुरुमांनी बिचारी रडकुंडीला आली होती. चिठ्ठी नव्हतीच.

"काका, याचा काही त्रास नाही ना?"

"अगं, ओठ जरा कोरडे पडतील, बस्स. मी काय परका आहे का तुला?"

ती निर्धास्त होऊन गेली. पुढेही गोळ्या नेत राहिली. चेहरा छान नितळ झाला. मग एका दुपारी ती सासूबरोबर आली. हातात रिकामी स्ट्रिप होती आणि डोळे सुजलेले.

"काका, मला दिवस गेलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्ट्रिपवरचं वाचलं नाहीस का? काका, वाचायला होतं कुठे?"

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी मला उचलून काउंटरवर आपटलं. "ही बया हल्ली कशीही चालते! हिनंच ते टोक उडवलं असणार. मी काय करू?"

मित्रांनो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. जन्मभर राबले आणि वेळ आली तेव्हा सगळं माझ्याच माथी मारलं!

सासूने स्ट्रिप त्यांच्या नाकासमोर धरली. "कशीही चालते? मग कड एवढी सरळ कशी हो?"

सून रागावलीसुद्धा नाही. जाताना एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, काका."

तिने तक्रार केली. औषध तपासणारे अधिकारी आले. खणातली लाल टोकं सापडली, दुकानाला टाळं लागलं आणि पुरावा म्हणून मी इथे आले.

मित्रांनो, चेहऱ्यासाठी असली तरी गोळी ती गोळीच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. स्ट्रिप कापून दिली तर उरलेलं टोकही मागून वाचा. दुकानदार ओळखीचा असला तर नक्कीच मागा.

ते बाळ सुखरूप जन्माला यावं, असं मी रोज म्हणते. पण काय झालं ते मला इथे कळवणार कोण?